एकमुखी पेटी

‘पेटी’ म्हटलें कीं आमच्या पिढीच्या माणसास प्रथम आठवते ती बाजाची, मागाहून दागिन्यांची. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली पेटी या दोहोंपैकीं एकही नव्हे. ती पांढऱ्या पुठ्ठ्याची आहे, तींत तेरा तबकड्या आहेत, आणि इंग्लंडांतील ‘बीटल्स’ या चौघां तरुणांच्या मेळ्याचें १९६२ ते १९६९ या काळांतील गाणें त्यांवर एकाच ध्वनिमार्गानें, म्हणजे ज्यास आज ‘मोनो’ म्हणतात त्या पद्धतीनें, उतरविलेलें आहे. ९ सप्टेंबर २००९ रोजीं ती प्रसिद्ध झाली. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोंवतालचीं गांवें मिळून आमची महानगरपालिका झाली. चौघांचा एक सूर लावणें किती अवघड असतें, हें त्या वर्षीं आम्हां वसईकरांस निराळें सांगावयास नको होतें! असो. गेल्या दिवाळींत आमच्या पुतण्यानें ही पेटी घरीं आणली, आणि तेव्हांपासून ती दिवाणखान्यांत मुक्कामास आहे.

असला विषय आमच्यासारख्याच्या लेखणीस शोभतो काय, असें कांहीं वाचक विचारतील. बालगंधर्व आणि अब्दुल करीमखां यांच्या पलीकडचें गाणें आमच्या घरांत फारसें वाजलेलें नाहीं, ही गोष्ट खरी. तथापि वसईच्या रहिवाशास पाश्चात्य सूर अगदींच परका नसतो. रविवारीं सकाळीं चर्चमधील गायन वाऱ्याबरोबर केळीच्या बागांवरून आमच्या ओटीपर्यंत येतें, आणि लग्नसराईंत पितळी वाद्यांचा बँडही येतो. शिवाय बालगंधर्वांच्या त्या जुन्या तबकड्या तरी काय होत्या? चावी द्यावी, सुई टेकवावी, आणि एका कर्ण्यांतून तीन-साडेतीन मिनिटें जें निघेल तें सर्वांनीं ऐकावें. तेंही एकमुखीच गाणें होतें. फक्त त्या काळीं दुसरा प्रकार ठाऊक नसल्यामुळें त्यास निराळें नांव नव्हतें.

रुद्राक्षास जशीं मुखें असतात तशीं गाण्यासही असतात असें समजलें, म्हणजे ‘मोनो’ आणि ‘स्टिरिओ’ यांतील भेद सहज ध्यानांत येतो. मोनोंत सर्व आवाज व सर्व वाद्यें एका प्रवाहांत मिसळलेलीं असतात. स्टिरिओंत प्रवाह दोन. कांहीं ध्वनि डाव्या कर्ण्यांतून अधिक, कांहीं उजव्यांतून अधिक, आणि त्यामुळें वाद्यवृंद समोर पसरून बसला आहे असा भास होतो. या भासांत सौंदर्य आहे. तें नाकारणें हट्टीपणाचें होईल. परंतु त्या सौंदर्यास आसन एकच असतें. दोन्ही कर्ण्यांपासून सारख्या अंतरावर, बरोबर मध्यभागीं जो बसेल त्यालाच तें पुरतें लाभावयाचें. जो एका बाजूस बसला त्याच्या वांट्यास एकीकडचें गाणें मोठें आणि दुसरीकडचें पुसट येतें.

आमच्या घरांत दोन्ही वेळां अकरा पानें मांडलीं जातात. अशा घरांत तें मधलें आसन कोणाचें, हा प्रश्न पुतण्याच्या पिढीनें हेडफोन कानांस लावून सोडविला आहे. ज्याचें आसन त्याच्या डोक्यावर. एकमुखी गाण्याचें मात्र तसें नाहीं. झोंपाळ्यावर बसलेल्यास, माजघरांत वाती वळणारीस आणि स्वयंपाकघरांत ओट्यापाशीं उभी असलेलीस, कमी-अधिक मोठें, परंतु सबंध गाणें ऐकूं येतें. कुटुंबानें एकत्र ऐकावयाचें असेल तर मोनो बरा, या आमच्या मतास इतका साधा आधार आहे.

दुसरा आधार आमच्या थोरल्या बंधूंचा. दादांस लहानपणीं गालगुंड झालें, त्यांत उजवा कान गेला तो कायमचाच. बोलणारानें त्यांच्या डाव्या हातास बसावें, ही रीत आमच्या घरांत इतकी मुरली आहे कीं, नव्या सुनेस ती कोणीं शिकवावी लागत नाहीं. पेटी आली त्या आठवड्यांत पुतण्यानें कौतुकानें हेडफोन दादांच्या डोक्यावर चढविला आणि या मंडळीच्या पहिल्या, १९६३ सालच्या संग्रहांतील एक गाणें लावलें. तबकडी मात्र त्याच्या जुन्या संग्रहांतील, स्टिरिओची होती. दादांनीं थोडा वेळ ऐकून घेतलें आणि म्हणाले, “वाजवितात छान रे. पण गाणारे कोठें गेले?”

पुतण्यास हंसूं आलें. आम्हांस आलें नाहीं. त्या संग्रहाच्या स्टिरिओ रूपांत वाद्यें डावीकडे आणि कंठ उजवीकडे आहेत. दादांच्या वांट्यास नुसती साथ आली होती. गाणारे दूरच्या खोलींत असावेत तसे पुसट. मग पुतण्यानें या पांढऱ्या पेटींतील तीच तबकडी लावली. दादांचीं बोटें आरामखुर्चीच्या हातावर ठेका धरूं लागलीं. “हें सबंध आहे,” एवढेंच ते म्हणाले. आयुष्यभर अर्धें ऐकून उरलेलें मनानें भरून काढणाऱ्या माणसाचा तो अभिप्राय आम्हांस कोणत्याही टीकाकाराच्या अभिप्रायाहून वजनदार वाटला.

कंठ एका बाजूस आणि वाद्यें दुसऱ्या बाजूस, अशी विचित्र वांटणी झाली कशी? लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओंत ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसांत त्या संग्रहाचा बहुतेक भाग ध्वनिमुद्रित झाला. फितीवर मार्ग दोनच होते. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनीं एकावर वाद्यें आणि एकावर कंठ घेतले, ते पुढें त्यांचें प्रमाण ठरवून एकत्र मिसळतां यावेत म्हणून. पीठ एका डब्यांत आणि गूळ दुसऱ्यांत ठेवावा, तो कांहीं पाहुण्यापुढें दोन डबे मांडण्यासाठीं नव्हे! पण स्टिरिओच्या हौशी गिऱ्हाइकांकरितां ते दोन डबे जवळजवळ तसेच पुढें केले गेले. १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर’ या संग्रहापर्यंतही हीच स्थिति होती. मोनो मिश्रणाच्या वेळीं चौघेही हजर राहून घासाघीस करीत; स्टिरिओचें काम मागाहून, त्यांच्या अपरोक्ष आणि थोडक्या वेळांत उरकलें जाई. म्हणून मोनो ही ग्रंथकारानें स्वतः मुद्रितें तपासलेली आवृत्ति होय.

नव्या पेटीसाठीं जें केलें त्यास ‘रीमास्टर’ करणें म्हणतात. आमच्या गृहिणींस एका शब्दांत सांगावयाचें तर ती कल्हई. भांडें तेंच, घडण तीच; जुन्या मूळ फिती पुन्हां लावून, खरखर आणि दोष तेवढे काढून, आंतली चकाकी परत आणलेली. ध्वनि मोठा भासावा म्हणून हल्लीं चढउतार दाबून टाकण्याची जी खोड आहे, ती या मोनो तबकड्यांच्या बाबतींत कटाक्षानें टाळली आहे. त्यामुळें हळू तें हळू आणि जोरकस तें जोरकस राहिलें आहे. भांडें आटवून नवें घडविणें निराळें. तो प्रयोग ‘सार्जंट पेपर’वर २०१७ सालीं मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स यांनीं केला, आणि तोही करतांना जुन्या मोनोचाच आदर्श पुढें ठेवला. २०१४ सालीं हेंच एकमुखी भांडार मोठ्या काळ्या तबकड्यांवरही निघालें. तें आम्हीं अद्याप ऐकलेलें नाहीं.

दोन्ही पाठ ताडून पाहणें ही मोठी मौज आहे. घर सोडून जाणाऱ्या मुलीचें ‘शीज् लीव्हिंग होम’ हें गाणें मोनोंत किंचित् जलद आणि चढ्या स्वरांत आहे. स्टिरिओंत तें रेंगाळतें. आमच्या सूनबाईंस रेंगाळणारें आवडलें, आम्हांस जलद. जाणारीचा पाय घाईनेंच उचलतो असें आमचें मत. १९६८ सालच्या दुहेरी संग्रहांतील ‘हेल्टर स्केल्टर’ हा धिंगाणा मोनोंत सुमारें एक मिनिट आंखूड आहे, आणि शेवटची ती प्रसिद्ध आरोळी त्यांत नाहीं. दादांच्या मतें हीच मोनोची सर्वांत मोठी थोरवी! गंभीरपणें पाहतां त्या संग्रहाचे दोन्ही पाठ जवळ असावेत. ‘रिव्हॉल्व्हर’ आणि ‘सार्जंट पेपर’ यांचा मात्र मोनोच पुरे. अखेरचे ‘ॲबी रोड’ आदि संग्रह पेटींत नाहींत, कारण त्यांचें स्वतंत्र मोनो मिश्रण झालेंच नाहीं. वेष्टनें मूळच्या मोठ्या वेष्टनांच्या हुबेहूब लहान प्रतिकृति आहेत. अक्षरेंही त्याच मानानें लहान झालीं असून, भिंग घेतल्यावांचून चाळिशी ओलांडलेल्यास तीं वाचतां येत नाहींत.

तें भिंग घेऊन वाचूं लागलों आणि या पेटीशीं आमचें नातें एकदम बदललें. १९६६ सालच्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर, जॉर्ज हॅरिसन यांच्या एका गाण्यापुढें तबलावादकाचें नांव छापलें आहे: अनिल भागवत. तें आडनांव वाचून कोणत्या मराठी घरांतली नजर थबकणार नाहीं? ‘सार्जंट पेपर’मध्यें हॅरिसन यांचें आणखी एक गाणें आहे, ‘विदिन यू विदाउट यू’. १५ मार्च १९६७ रोजीं तें मुद्रित झालें तेव्हां लंडनांतील हिंदी वादकांनीं दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजविला. पुढें मार्टिन यांनीं आठ व्हायोलिन आणि तीन चेलो यांवर दिलरुब्याची मींड उचलावयास लावली. एकमुखी पाठांत गज कोठला, दिलरुब्याचा कीं व्हायोलिनचा, हें कांहीं जागीं ओळखूं येत नाहीं. दोन खंडांचीं वाद्यें एका मुखानें बोलतात.

परंतु त्या एका मुखांत वाजविणारांचीं नांवें मावलीं नाहींत. वेष्टनावर हिंदी वादकांपैकीं एकाचेंही नांव नाहीं. तीं पुन्हां उजेडांत यावयास २०१७ साल, म्हणजे पुरीं पन्नास वर्षें लागलीं: दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. हें आम्हीं मोठ्यानें वाचून दाखविलें तेव्हां वहिनी भाजी निवडीत होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, “त्यांत नवल काय? गांवभर ‘तुमच्या घरचें लोणचें’ म्हणून वाखाणतात. घालणारीचें नांव कोणीं विचारलें आहे?” चाळीस वर्षें तें लोणचें खाणारे आम्ही दोघे बंधू यावर कांहीं बोललों नाहीं. एकमुखीपणाची आम्ही इतका वेळ स्तुति करीत होतों. तिची ही बाजू आमच्याच घरांत, आमच्याच समोर भाजी निवडीत बसली होती.

मुंबईशींही या पेटीचा धागा आहे. सतारीच्या ओढीनें हॅरिसन १९६६ सालीं रविशंकर यांजकडे शिकावयास मुंबईस आले होते. जानेवारी १९६८ मध्यें ते पुन्हां आले आणि एच. एम. व्ही.च्या स्टुडिओंत त्यांनीं एका चित्रपटाचें संगीत मुद्रित केलें. हरिप्रसाद चौरसिया आणि आशिष खां हे त्या वेळच्या वादकांपैकीं. स्टुडिओंत यंत्र होतें तें मोनोचें! दोन मार्गांचें यंत्र भास्कर मेनन यांनीं त्यांच्यासाठीं कलकत्त्याहून आगगाडीनें आणविलें, ही आठवण हॅरिसन यांनींच सांगून ठेविली आहे. त्याच मुक्कामांत ‘दि इनर लाइट’ या गाण्याची वाद्यसंगति मुद्रित झाली. लाओत्सेच्या विचारांवर बेतलेले शब्द पुढें लंडनांत चढविले गेले. मार्च १९६८ मध्यें तें निघालें तें पुन्हां एकमुखी होऊनच. स्टिरिओ मिश्रण १९७० सालीं झालें. ज्या यंत्रासाठीं एवढी यातायात केली, त्याचे दोन मार्ग लोकांच्या कानांवर कित्येक वर्षें आलेच नाहींत. पेटीच्या शेवटच्या तबकडीवर हें गाणें आहे. दादा तें रात्रीं जेवणानंतर लावावयास सांगतात आणि सनईच्या जागेस डावा कान पुढें करतात.

वहिनींनीं मात्र ‘सार्जंट पेपर’चें वेष्टन मागून घेतलें. वाण्याच्या यादीच्या वहींतील एक कागद फाडून त्यांनीं त्यावर जोशी, गज्जर, कंसारा आणि सोनी हीं चारही नांवें वाद्यांसह, सर्वांस भिंगावांचून वाचतां यावीं इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलीं, आणि चौघडी करून ती चिठ्ठी वेष्टनांत सरकविली. वेष्टन त्यामुळें जरा फुगलें आहे आणि पेटीचें झांकण नीट बसत नाहीं. पुतण्याची त्यावर तक्रार आहे.