माहेरचे लाकूड

परदेशात गेलेला आपला माणूस बागा पाहतो, राजवाडे पाहतो आणि दुकानांच्या काचांआडच्या किमती वाचून मनातल्या मनात त्यांचे रुपये करतो. मला मात्र जुनी लढाऊ जहाजे आणि ओस पडलेले तोफखाने पाहण्याचा नाद आहे. आमच्या घरात याला 'लोखंडी तीर्थयात्रा' म्हणतात. ज्या लढाया आपण लढलो नाही, त्यांची मोडतोड पाहायला एवढे भाडे कशाला भरायचे, हा सौभाग्यवतींचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी त्याचे उत्तर देण्याच्या भानगडीत पडत नाही.

२०१९च्या मे महिन्यात न्यूकॅसलला भाचीकडे उतरलो होतो. तिथून आगगाडीने तासाभरात हार्टलपूल येते. "अहो मामा, ते माकडवाले गाव! तिथे काय पाहणार?" भाची म्हणाली. नेपोलियनच्या युद्धात या किनाऱ्यावर एक फ्रेंच गलबत फुटले, त्यातून एकटे माकड जिवंत बाहेर आले आणि इथल्या कोळ्यांनी त्याची किचकिच फ्रेंच भाषा समजून त्याला हेर म्हणून फाशी दिले, अशी दंतकथा आहे. शेजारची गावे यावरून चिडवत आणि हार्टलपूलकर हातघाईवर येत. आता त्यांनीच ते माकड लाडाने आपलेसे केले आहे. कथा खरी असो वा नसो, सांगणाऱ्याने युद्धातला माणूस बरोबर ओळखला होता.

मी गेलो होतो ते 'ट्रिंकोमाली' पाहायला. हे जहाज हार्टलपूलच्या जुन्या गोदीत उभे आहे. तीन डोलकाठ्या, कुशीला तोफांच्या खिडक्यांची रांग आणि नाळेवर पागोटे बांधलेला एक पौर्वात्य पुतळा. मायदेशच्या माणसाला इतक्या लांब उभे राहिलेले पाहून मला त्याला रामराम घालावासा वाटला. पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत हीच सर्वांत जुनी. पण हिचा जन्म इंग्लंडातला नव्हे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया, आणि लाकूड मलबारचा साग.

वर एक म्हातारे स्वयंसेवक माहिती सांगत होते. तुळईवर थाप मारून म्हणाले, "हा ओक नव्हे बरे. साग. बॉम्बेचा."

मी म्हटले, "मीही तिथलाच."

मघाशी तुळईकडे पाहिले तसेच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. त्यानंतर माझ्यासाठी सगळी दारे उघडली गेली.

नेपोलियनशी झुंजताना इंग्लंडातला ओक संपत आला, म्हणून आरमाराची नजर आपल्याकडच्या सागावर गेली. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खातात. सागाच्या तेलाने ते टिकतात, आणि लाकूडही सहसा कुजत नाही. या जहाजाचे नकाशे १८१२ साली 'जावा' नावाच्या जहाजाबरोबर मुंबईला निघाले. ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने त्या जहाजाचा निकाल लावला आणि नकाशेही गेले. पुन्हा नकाशे आले. १८१६ साली, वाडियांच्या रिवाजाप्रमाणे, तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकून काम सुरू झाले. जहाज तयार झाले तेव्हा नेपोलियनला सेंट हेलेनावर जाऊन दोन वर्षे झाली होती. वरात निघून गेल्यावर येऊन पोचलेल्या बँडवाल्यासारखी हिची गत! १८१९च्या जानेवारीत ही त्याच बेटावरून पुढे गेली, आणि पोर्ट्समथला जाऊन १८४५पर्यंत नुसती बांधून ठेवली गेली. पुढे दोन सफरी केल्या. पण मोठी लढाई काही वाट्याला आली नाही.

खाली खलाशांच्या मजल्यावर ताठ उभे राहता येत नाही. वाकून चालता चालता सागाचा तो वास शोधत होतो. लायन गेटसमोरून तीस वर्षे कचेरीत गेलो, भिंतीपलीकडची गोदी कधी आतून पाहिली नाही. आणि इथे तिच्या पोटचे लाकूड हाताखाली होते. ऊर भरून आला, हे खोटे कशाला सांगू? पण तारीख मनातून जाईना. १२ ऑक्टोबर १८१७. त्यानंतर चोवीसाव्या दिवशी, दिवाळीच्या तोंडावर, खडकीची लढाई झाली, आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. जहाज राजाच्या आरमाराचे, खडकीची फौज कंपनीची. वह्या वेगळ्या, दुकान एकच! आंग्र्यांचे आरमार १७५६ साली विजयदुर्गापुढे जळाले तेव्हा इंग्रजांच्या जोडीला खुद्द पेशवे होते. त्या आरमारातले एखादे गलबत पाहायला मी कुठल्या गावी जाऊ? ज्या सुतारांनी रंधा मारला त्यांचीही नावे मला तिथे कुठल्या फळीवर दिसली नाहीत. कप्तानांची होती.

म्हाताऱ्या गृहस्थांना यातले काही सांगितले नाही. त्यांनी इतक्या प्रेमाने ते जहाज पुसून ठेवले होते!

तिथून आम्ही हेडलंडला गेलो. हे जुने गाव समुद्रात शिरलेल्या टोकावर आहे. तिथे ह्यू बॅटरी नावाचा तोफखाना आहे, आणि रस्त्याच्या कडेला एक पाटी. १६ डिसेंबर १९१४च्या सकाळी आठनंतर धुक्यातून तीन जर्मन जहाजे आली आणि चाळीसेक मिनिटांत त्यांनी हजारावर गोळे टाकले. किनाऱ्यावर तोफा होत्या तीन. न्याहारीला बसलेली, शाळेला निघालेली, कामावर चाललेली माणसे गेली, शंभराहून अधिक. पहिल्या गोळ्यांत गेलेल्यांत थिओफिलस जोन्स हा शिपाई होता. वय २९, पेशाने शिक्षक. साऱ्या समुद्रांवर सत्ता सांगणाऱ्या आरमाराला स्वतःच्या दारात ती चाळीस मिनिटे कोणाला रोखता आले नाही.

तोफखान्याच्या उपाहारगृहात चहा देणाऱ्या बाईंनी विचारले, "तुमच्याकडे युद्ध पोचले होते का?" मी त्यांना १४ एप्रिल १९४४ची दुपार सांगितली. व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेले 'फोर्ट स्टायकिन' जहाज फुटले आणि अर्धी मुंबई हादरली. आई तेव्हा नवी नवरी होती. गिरगावातल्या आमच्या खोलीत फळीवरची भांडी धडाधडा खाली आली. जपानी आले असे कोणी ओरडले, आणि चाळीतल्या बायका पोरांना काखेत मारून जिने उतरल्या.

"आणि तुमच्या आईने काय केले?"

"चुलीवर पाणी ओतले, दाराला कुलूप घातले आणि किल्ली घेऊन खाली आली."

बाई हसल्या. "माझी आजी किटली तशीच आचेवर ठेवून पळाली होती," त्या म्हणाल्या. "रात्री परत आली तेव्हा घर जागेवर होते, पण किटलीचा तळ जळून गेला होता. त्याचेच तिला जन्मभर वाईट वाटत होते."

आणि त्यांनी माझा कप पुन्हा भरला.