लेखी घडी

ज्याच्या एकट्याच्या डोक्यात सारी व्यवस्था असते, त्याला रजा मिळत नाही, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. पावस येथील एका परिचित कुटुंबाचा मुलगा पुण्यात सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीत आहे. बँकेचे खाते, आगगाडीचे आरक्षण, व्हॉट्सॲपचा निरोप हे सारे ज्या दूरवरच्या संगणकांच्या आधाराने चालते, ते हे सर्व्हर. पूर्वी नाताळच्या जेवणावरूनही तो फोनसाठी उठत असे. त्या यंत्रांची घडी त्याने एकेक आज्ञा टंकून बसविली होती, आणि ती कशी बसविली हे त्याच्यावाचून कोणासही ठाऊक नव्हते. हल्ली तो आंब्याच्या दिवसांत आठवडाभर पावसला राहतो. आम्ही कारण विचारले तेव्हा म्हणाला, "फादर, आता सगळं लिहून ठेवलंय."

हे लिहिणे म्हणजे साधे टिपण नव्हे. १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या विभागातील निरनिराळ्या बनावटीचे संगणक एका रीतीने सांभाळता यावेत म्हणून 'सीएफइंजिन' हे साधन रचले. पुढे २००५ साली 'पपेट', २००९ साली 'शेफ' व २०१२ साली 'ॲन्सिबल' आले. ॲन्सिबल २०१५ साली रेड हॅट कंपनीने विकत घेतले.

या साधनांमागील विचार बागेतल्या पाण्याच्या टाकीवरून समजतो. "पंप दहा मिनिटे चालव," असे गड्याला सांगितले, तर भरलेली टाकी तो ओसंडू देईल. "टाकी भरलेली असावी," असे सांगितले, तर तो आधी पाहील आणि उणे असेल तेवढेच भरील. ॲन्सिबलच्या 'प्लेबुक'मध्ये मुख्यतः अशी दुसऱ्या प्रकारची वाक्ये असतात: अमुक प्रोग्राम बसविलेला असावा, अमुक सेवा चालू असावी. यंत्र तसेच असेल तर त्यास हात लागत नाही. म्हणून नीट लिहिलेले प्लेबुक पुन्हा चालविले तरी घडी विसकटत नाही, आणि एकाने रचलेला भाग नावे व आकडे बदलून दुसऱ्यासही वापरता येतो.

हातकामातील धोका लहान नसतो. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, आठव्यावर राहिला. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच आठव्यातील जुना प्रोग्राम जागा झाला, आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. दुसऱ्याने पडताळणी करावी असा लेखी नियम तेथे नव्हता, असे नियामकांनी पुढे नमूद केले.

परंतु लिहून ठेवले म्हणजे सारे साधले, असेही नव्हे. कोयीपासून उगवलेले झाड मूळ झाडाच्याच गुणाचे निघेल याची खात्री नसते, म्हणून पावसचे बागायतदार हापूसचे कलम बांधतात. पण निवडलेली फांदीच वाईट असेल, तर तो दोष साऱ्या बागेत जातो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले, हे वाचकांना स्मरत असेल. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने कंपनीचे जगभरचे अंतर्गत जाळे तुटले. अशी आज्ञा अडविण्यासाठी ठेवलेल्या तपासणीतही दोष होता.

"सारे लिहून दिले, तर आमची किंमत काय उरेल?" अशी भीती या क्षेत्रातील तरुण बोलून दाखवितात. ती खोटी नाही. नोकरीवर घर चालते. तथापि, इतरांच्या अज्ञानावर टिकणारी किंमत माणसाला घरच्या पंगतीतून उठविते, हेही तितकेच खरे. आपली मुले या कामात असतील, तर वाचकहो, त्यांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: तुझे काम लिहिलेले आहे काय, आणि ते दुसऱ्या कोणी वाचले आहे काय?