हाडाचे होणे

मराठीत जन्मजात गुण सांगावयाचा असला की 'हाड' हा शब्द पुढे येतो. हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी म्हटले की ते गुण कमावलेले नसून मुळातच होते, असे ऐकणारा धरून चालतो. हाडवैरही सहसा सरत नाही. भाषेच्या लेखी हाड म्हणजे जे बदलत नाही ते. जीवशास्त्राचा निर्वाळा मात्र नेमका उलट आहे. हाड घडविणारी पेशी हाडाची म्हणून जन्मत नाही. ती तशी होते, आणि होण्यासाठी तिला निरोप यावा लागतो.

हा निरोप हाती लागला तो निर्जीव हाडात. अमेरिकन शल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी हाडातील क्षार आम्लाने काढून टाकले आणि उरलेला भाग प्राण्यांच्या स्नायूंत ठेवला. तेथे नवे हाड तयार झाले. हे त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. दधीचीच्या अस्थींचे सामर्थ्य ऐकत वाढलेल्या मनाला ही कल्पना परकी वाटू नये. पुढे शिकागोत ए. हरी रेड्डी व चार्ल्स हगिन्स यांनी या रूपांतराचा क्रम लावला: आधी कूर्चा, मग हाड, आणि शेवटी त्यात मज्जा. निरोप देणाऱ्या प्रथिनांना 'बीएमपी' हे नाव मिळाले. त्यांच्या जोडीला इतर वृद्धिघटकही आहेत. 'एफजीएफ' पूर्वज-पेशींची संख्या वाढवितो, पण त्यांचे पक्व होणे लांबवूही शकतो. 'टीजीएफ-बीटा' आरंभी साहाय्य करतो आणि पुढे क्षार साचण्याच्या आड येऊ शकतो. वाढणे आणि घडणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे येथे स्पष्ट होते.

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर या भेदाला माणसाचा चेहरा मिळतो. एका टोकाला कोरमंगला व सेंट जॉन्सचे रुग्णालय, पुढे संगणक-कंपन्या आणि उंच इमारती. मुलाच्या नोकरीपायी साताऱ्या-सांगलीकडून येथे आलेली एखादी आई घसरून पडते, आणि महिने लोटले तरी पायाचे हाड सांधत नाही. भोवतालच्या कन्नड बोलण्यातून 'मूळे' हा शब्द तिच्या कानी पडतो. कन्नडात त्याचा अर्थ हाड. तिच्या मराठी कानाला मात्र झाडाची मुळे ऐकू येतात. घर सोडून आलेल्या बाईला हा अर्थही जवळचाच. मुलाने वाचून दाखविल्यावर ती विचारते, "उंदराचे हाड औषधाने वाढते, मग माझे का नाही?"

प्रश्न भाबडा नाही. उंदरात मायक्रोग्रॅमने जे साधते त्याला माणसात मिलिग्रॅम लागतात. मानवी पेशी तोच निरोप अधिक सावकाशीने ऐकतात. अमेरिकेत २००२ साली कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्य झालेल्या 'बीएमपी-२'च्या द्रावणात दर मिलिलिटरला दीड मिलिग्रॅम प्रथिन असते. मानेच्या कण्यात ते वापरल्यावर घशाला सूज येऊन श्वास कोंडल्याच्या घटना घडल्या, आणि २००८ साली तेथील औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. निरोप थांबेनासा झाला की काय होते, हे एका दुर्मिळ आनुवंशिक रोगात दिसते: स्नायू आणि स्नायुबंध हळूहळू हाड होत जातात व माणूस स्वतःच्याच देहात जखडला जातो. या रोगाचे मूळ 'बीएमपी'चा निरोप ऐकणाऱ्या ग्राहकातील दोषात आहे, हे २००६ साली उमगले.

म्हणून त्या आईला द्यावयाचे उत्तर होकार किंवा नकार एवढेच असू शकत नाही. तिच्या हाडाला निरोप हवा, पण योग्य जागी, योग्य वेळी आणि थांबता येईल इतकाच. शिवाय रक्तपुरवठा हवा आणि वैद्य सांगतील तेव्हा पायावर थोडा भारही. 'हाडाचा' या शब्दाचा अर्थही यापुढे थोडा बदलून घ्यावयास हरकत नाही. हाडाचा शिक्षक तो, ज्याला वेळेवर कोणी हाक दिली आणि ज्याने ती ऐकली.