किल्ली देणारं गाव

दोस्तांनो, ऑस्ट्रेलिया म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? कांगारू, नाहीतर क्रिकेट! आज मात्र मी तुम्हाला ॲडलेडच्या उत्तरेला साधारण १६० किलोमीटरवर असलेल्या एका चिमुकल्या गावात नेणार आहे. गावाचं नाव बर्रा. हे नाव आपल्याकडच्या 'बडा' या शब्दावरून पडलं, असं एक मत आहे. पूर्वी इथे हिंदुस्थानी मेंढपाळ कामाला होते म्हणे!

या गावाची एक गंमत आहे. माहिती केंद्रात पैसे भरले, की ते आपल्या हातात चक्क एक किल्ली ठेवतात! मग आपणच जायचं, जुन्या तुरुंगाचं कुलूप उघडायचं, हवं तेवढा वेळ पाहायचं आणि निघताना कुलूप आठवणीने लावायचं. मागे उभा राहून दटावणारा रखवालदार नाही. सगळा मामला विश्वासाचा!

१८४५ साली इथे मेंढपाळांना तांबं सापडलं. सरकारची अट होती, २०,००० एकर जमीन घ्या आणि २०,००० पौंड रोख मोजा. बड्या लोकांचा एक गट होता आणि दुकानदारांचा दुसरा. एकट्याला एवढी रक्कम कुणालाच जमेना. शेवटी दोघांनी मिळून जमीन घेतली, मधोमध रेघ मारली आणि चिठ्ठ्या टाकल्या. दुकानदारांना निघाली 'मॉन्स्टर माईन', म्हणजे राक्षसी खाण! बड्या मंडळींच्या खाणीत मात्र फारसं काही निघालं नाही. आणि ज्यांची ही भूमी होती, त्या नगाजुरी लोकांना तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून खाणकामगार बायकामुलांसह आले. घरं पुरेनात, म्हणून त्यांनी ओढ्याच्या काठात बिळं खोदली आणि त्यांतच संसार मांडले. १८५१ साली सुमारे १८०० माणसं अशी राहत होती. ओढ्याला पूर आला की घरात पाणी. त्यात रोगराई. कितीतरी लहान मुलं दगावली. जमिनीखालच्या तांब्याने मालक श्रीमंत झाले आणि ते काढणारे स्वतःच जमिनीत राहिले!

१८७७ मध्ये खाण बंद पडली. त्या बिळांपैकी दोन आजही जपून ठेवली आहेत. मी वाकून आत डोकावलो. अंधार आणि मातीचा वास. इथे एखादं मूल गृहपाठ कुठे करत असेल? पावसाचा पहिला थेंब पडला की त्याची आई काय करत असेल?

राजवाडे, किल्ले तर सगळेच जपतात. बर्राने गरिबांची बिळंही जपली, म्हणून हे गाव मला 'बडं' वाटलं. २०१७ साली तिथल्या खाणपरिसराला ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

आता सांगा बरं, तुमच्या गावात पाहुणा आला, तर तुम्ही त्याच्या हातात कुठली किल्ली द्याल?