पट्टीवरची वायर, भिंतीतली वायर

विरारपर्यंत विजेवर चालणारी लोकल १९३६ मध्ये पोचली. पण स्टेशन सोडून पश्चिमेला निघालं की निर्मळ, गास, भुईगावच्या वाड्यांत घरोघरी दिवे लागायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. वीज आली ती रहाटाच्या जागी पंप आणि माजघरात एखादा बल्ब घेऊन. स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखा तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. ते काम घराचं छप्पर करत असे.

चुलीचा धूर मंगळुरी कौलांच्या फटींतून वर निघून जाई आणि परसदारातून गार हवा आत येई. गरम हवा वर चढते, तिची जागा खालची हवा घेते, एवढ्यावर सगळं चाले. त्या धुराने घरातल्या बायकांचे डोळे जन्मभर चुरचुरले, वासे काजळून गेले, हेही तितकंच खरं. त्यामुळे धुराचं कौतुक मला नाही. आठवण येते ती हवेसाठी मोकळ्या ठेवलेल्या वाटेची.

१९९० मध्ये वसई-विरारच्या नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. तोवर वाड्यांच्या कडेने इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. कौलांच्या जागी स्लॅब आला आणि छपराचं काम खिडकीच्या वरच्या तावदानात बसवलेल्या नऊ इंची एक्झॉस्ट पंख्यावर येऊन पडलं.

आमच्याकडे पंखा आला तेव्हा वायरिंग भिंतीवर होतं. सागवानी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांनी आवळलेली वायर, लाकडी बोर्डावर काळे गोल स्विच, मीटरपाशी चिनी मातीचे फ्यूज. मीटरपासून पंख्यापर्यंत वीज कुठून जाते, कुठे वळते, जोड कुठे आहे, हे घरातल्या पोरालाही बोट ठेवून दाखवता येई. उंदराने वायर कुरतडली किंवा पावसाळ्यात भिंतीला ओल आली, तर आधी डोळ्यांना दिसे. अंगणाच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा असे. त्यात कोळसा आणि मीठ घातलेलं. उन्हाळ्यात तुळशीला पाणी घातलं की एक तांब्या त्या खड्ड्यातही जाई, कारण माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पंखा बिघडला की वायरमन काकांना हाक जाई.

“काका, पंखा गुणगुणतोय, पण फिरत नाही.”

“मेन पाडलास का आधी, बाळा? तो पाड, मग बोलू.”

हे त्यांचं पहिलं वाक्य कधी बदललं नाही. नुसता पंख्याचा स्विच बंद करून ते कधी हात लावत नसत. जुन्या घरांत कुणीतरी स्विच चुकून न्यूट्रलवर घेतलेला असे. तसं असेल तर स्विच बंद असूनही पंख्यापर्यंत फेज जिवंत राहतो. टेस्टरवरही त्यांचा आंधळा विश्वास नसे. मेन पाडण्याआधी तो चालू प्लगमध्ये लावून पेटतो का बघत, मगच त्याचं पंख्यापाशी न पेटणं खरं मानत. कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, वीज बंद झाल्यावरही थोडा वेळ भार धरून ठेवतो, म्हणून त्याच्या दोन टोकांना एकदम बोटं लागू देत नसत.

पुढची तपासणी ते मोठ्याने सांगत करत, म्हणूनच ती आमच्या लक्षात राहिली. वीज बंद असताना पातं बोटाने फिरवायचं. जड लागलं तर तेलाची चिकटी साचली आहे किंवा बुश धरला आहे. सहज फिरतं, पण वीज दिल्यावर नुसतं गुणगुणतं, तर बहुतेक कंडेन्सर गेला. नवा आणायचा तो जुन्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच, वाटेल तो नाही. काहीच आवाज नसेल तर स्विच, जोड, मग वाइंडिंग. पंखा हवा आत फेकत असेल तर पंखाच उलटा बसलाय किंवा कंडेन्सरची जोडणी वेगळ्या वाइंडिंगवर गेली आहे. फेज-न्यूट्रल अदलाबदल करून तो सुलटा फिरत नाही. जळका वास आला तर पुन्हा चालू करून बघायचं नाही. आणि पंखा फिरतोय, तरी धूर तिथेच असेल, तर आधी घराचं एखादं दार उघडायचं. हवा आत येणार नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार?

आज माझ्या फ्लॅटमध्ये एकही वायर दिसत नाही. भिंती स्वच्छ आहेत आणि त्यांच्या आत कुठे काय आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. खिळा ठोकताना छातीत धस्स होतं. पंखा अडला की काढून नवा लावतात, बिघाड काय होता हे कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही. भिंतीत वायर गेली आणि तिच्याबरोबर घराघरांतलं ते शहाणपणही गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरीही आजच्या घरात एक गोष्ट अशी आहे, जी वायरमन काकांच्या काळात असती तर अनेक जीव वाचले असते. फ्यूज काय किंवा आजचा एमसीबी काय, तो वायर जळू नये म्हणून आहे. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्याला कळण्याइतका मोठा नसतोच. आरसीसीबी मात्र गेलेली आणि परतलेली वीज ताडून बघतो आणि गळती ३० मिलिअँपिअरला पोचेपर्यंत वीज तोडतो. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. पंख्याची बॉडी धातूची असेल तर तिला हिरवी अर्थिंगची वायर हवीच. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर ती सूचना समजून पंखा त्याच क्षणी बंद करावा. आपल्याकडे खारा वारा स्क्रू आणि जोड लवकर गंजवतो. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारमध्ये सुरक्षेसाठी वीज बंद ठेवावी लागली होती. पाणी आणि वीज एकत्र आली की काय होतं, हे इथल्या माणसाला समजावून सांगायला नको.

चुलीच्या काळात नव्हता असा एक धोका आज ओट्याखाली आहे. गॅसचा वास आला तर पंखा सुरू करायचा नाही. स्विचची ठिणगी पुरते, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. स्विचला हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करावा.

भिंतीवरची पट्टी परत येणार नाही आणि यावी असंही मी म्हणणार नाही. पण वीज कुठून जाते हे घरातल्या सगळ्यांना माहीत असणं परत आणता येतं. नवं वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं आणि भिंत बुजवण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवावेत. प्रत्येक एमसीबीखाली कुठली खोली ते मराठीत लिहावं. आणि पंख्याचं काम निघेल तेव्हा मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवण्याऐवजी सुरक्षित अंतरावर उभं करावं, आणि आधी मेन त्यांच्याच हातून पाडून घ्यावा.