दुसऱ्या घराण्याचा प्रोसेसर

संगमनेर-अकोल्याच्या पट्ट्यात दूध दिवसातून दोनदा संकलन केंद्रावर येतं. काट्यावर वजन, मग फॅट आणि एसएनएफ (फॅटविरहित घन घटक), मग हातात पावती. कॅन घेऊन माणसं रांगेत उभी असताना यंत्र अडून चालत नाही. अशा केंद्रांसाठी लिनक्सवर चालणारे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. केंद्रातल्या छोट्या बोर्डवर एआरएम प्रोसेसर असतो, माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा. दोघांची यंत्रभाषा वेगळी. चालत्या केंद्रावर प्रयोग करायचे नाहीत, हा माझा नियम आहे. म्हणून मी लॅपटॉपच्या आतच एक आभासी एआरएम यंत्र उभं करतो, त्यावर लिनक्स बसवतो आणि चाचण्या तिथे घेतो.

हे काम क्यूईएमयू हा प्रोग्रॅम करतो. फॅब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००३ साली ते जगापुढे ठेवलं. आतलं आणि बाहेरचं यंत्र एकाच घराण्याचं असेल, तर लिनक्समधल्या केव्हीएम या सोयीच्या मदतीने आतल्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर धावतात. घराणं वेगळं असेल तर ही सोय मिळत नाही. मग क्यूईएमयू दुभाष्या होतं. एआरएमच्या सूचनांचा एकेक तुकडा उचलायचा, इंटेलच्या भाषेत आणायचा आणि तो अनुवाद जपून ठेवायचा. तोच तुकडा पुन्हा आला की जपलेला अनुवाद वापरायचा. एवढं करूनही वेग बराच घटतो. म्हणून इन्स्टॉलेशनला काही तास लागले, तर ते अडकलं असं समजू नये.

नवख्याला पहिला धक्का बसतो तो काळ्या पडद्याचा. आज्ञा दिली, पण चूक नाही, संदेश नाही, काहीच नाही. विद्यार्थी लगेच इन्स्टॉलेशनची फाइल पुन्हा डाउनलोड करतात. फाइल बहुधा ठीकच असते. 'व्हर्ट' नावाचं जे सर्वसाधारण एआरएम यंत्र आपण निवडतो, त्याला प्रोसेसर सांगितला नाही तर कॉर्टेक्स-ए१५ मिळतो, आणि तो ३२ बिटांचा आहे. ६४ बिटांचं लिनक्स त्यावर सुरूच होत नाही, आणि तक्रारही करत नाही. कॉर्टेक्स-ए७२ असं स्पष्ट लिहिलं की हा अडथळा संपतो. मेमरीचंही तसंच. न सांगितल्यास फक्त १२८ एमबी मिळते. मी २ जीबी देतो.

तरीही पडदा काळाच राहिला, तर लिनक्स बोलतंय कुठे, म्हणजे त्याचा कन्सोल कोणता, ते पाहावं. नेहमीच्या पीसीत सिरियल पोर्टचं नाव टीटीवाय-एस-०, या यंत्रात टीटीवाय-एएमए-०. पीसीचं नाव दिलं तर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरू होतो, पण त्याचं बोलणं आपल्यापर्यंत येत नाही. शिवाय या यंत्राला ग्राफिक्स कार्ड आणि कीबोर्ड आपण जोडल्याशिवाय नसतात. पीसीची सवय असलेल्या माणसाला हे सुचत नाही.

दुसरा धक्का शेवटी बसतो. इन्स्टॉलेशन पूर्ण होतं, यंत्र पुन्हा सुरू केलं की लिनक्सऐवजी यूईएफआय या फर्मवेअरच्या शेलची ओळ दिसते. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी डिस्क कोरी करून सगळं नव्याने बसवलं आणि एक अख्खी रात्र घालवली. डिस्कवर सगळं शाबूत होतं. कुठून सुरू व्हायचं, ही नोंद फर्मवेअरच्या स्मृतीत राहते, आणि त्या स्मृतीसाठी मी वेगळी फाइल दिलीच नव्हती. यंत्र बंद होताच नोंद पुसली गेली. ती फाइल द्यावी. नाहीतर डेबियन या लिनक्सचा इन्स्टॉलर बूटलोडरची जादा प्रत काढता येण्याजोग्या माध्यमाच्या ठरलेल्या जागी ठेवू का, असं विचारतो, तेव्हा 'हो' म्हणावं. बसवून झालेल्या डिस्कची एक प्रत बाजूला ठेवावी आणि प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत.

या यंत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रोग्रॅमचा हिशेब बरोबर आहे का, हे ते सांगतं. काट्याची केबल सैल आहे का, खऱ्या बोर्डवर पावती किती सेकंदांत निघते, हे सांगत नाही. ती चाचणी शेवटी बोर्डवरच, दोन संकलनांच्या मधल्या वेळेत घ्यावी लागते.

आता एआरएमच्या पलीकडे रिस्क-फाइव्ह हे खुलं घराणं आलं आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने त्यावर 'वेगा' प्रोसेसर घडवले, आयआयटी मद्रासने 'शक्ती'. २०२२च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने त्यासाठी डीआयआर-व्ही कार्यक्रम जाहीर केला. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने ६४ बिटांच्या रिस्क-फाइव्हला अधिकृत स्थान दिलं. लोणी, कोपरगाव, संगमनेर, नगर इथल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींना हे शिकण्यासाठी बोर्ड विकत घ्यायची गरज नाही. घरातला साधा लॅपटॉप आणि क्यूईएमयू एवढं पुरतं, आणि एआरएम व रिस्क-फाइव्ह यांच्या यंत्रभाषांतला फरक डोळ्यांनी पाहता येतो.

त्यांना माझं एकच सांगणं आहे. यंत्र गप्प झालं की एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी प्रोसेसर, मग मेमरी, मग कन्सोल, मग फर्मवेअर. प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहा. या दिवाळीच्या सुट्टीत एक दुपार आणि एक वही एवढंच बाजूला काढा.