घरबसल्या की कॉलेजात?
बारावीनंतर लेकीने नर्सिंगचे नाव काढले, तेव्हा आम्ही दोघांनी आधी घरबसल्या शिकण्याचा मार्ग शोधला. कॉलेज दूर, एस.टी.चा प्रवास, शिवाय लोक काय म्हणतील! पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार नर्सिंग ऑनलाइन शिकता येत नाही. मग आम्ही मुक्त विद्यापीठाचे बी.कॉम. सुचवले. मान्यताप्राप्त असेल तर ती पदवीही नियमित पदवीइतकीच धरतात.

लेक हळूच म्हणाली, "अब्बा, दादीला सलाईन लावणारी ताई घरी बसून शिकली असेल का?"

आम्ही गप्प झालो. दुसऱ्या दिवशी बिस्मिल्लाह म्हणून वसतिगृहाचा अर्ज भरला. धाकट्याला मात्र दुकान सांभाळून शिकायचे आहे. त्याच्यासाठी, इन्शाअल्लाह, मुक्त विद्यापीठच.